रकाना नऊ

देवपूरच्या पलीकडे, जिथे पालिकेचा नळ संपतो
आणि प्लॉटविक्रीचे फलक सुरू होतात,
तिथून आमची यादी सुरू झाली.
मी, मुख्तार पिंजारी, तीस मीटरचा टेप
आणि एकशे वीस कोरे फॉर्म.
मार्च संपत आला होता. दहा वाजताच
टेपची पत्र्याची जीभ बोटांना चावायची.

पहिल्या दिवशी जिनिंगचं धुरांडं.
उंची अंदाजे. मालक : वाद कोर्टात.
मुख्तारचे आजोबा इथेच रुई पिंजायचे.
तो धुरांड्याकडे बघत म्हणाला,
'सर, खोकला कोणत्या रकान्यात टाकायचा?'
मी हसलो. त्याने टेप गुंडाळला.

मग मैलाचा दगड. कुणीतरी शेंदूर फासून
त्याचा म्हसोबा केलेला.
अंतर पुसलं गेलंय, नारळ मात्र ताजा.
मग बारव, सतरा पायऱ्या,
त्यातल्या तीन मोजता आल्या नाहीत,
त्यांच्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या पत्रावळी होत्या.
झिप्रू अहिरे नावाचा एक म्हातारा
काठावर बसून आमची बेरीज तपासत होता.
'एकोणीस शेतीस,' तो म्हणाला.
'दोन पानीमा. मी बुडेल शे त्यासवर.'
मी सतरा खोडून एकोणीस लिहिलं,
आणि पुराव्याच्या रकान्यात : बुडालेला माणूस.
साहेबांनी नंतर ते लाल शाईने खोडलं.

चौथ्या दिवशी गट नंबर एकशे चौदा.
धाब्याचं शेवटचं घर, बाजूला तीन मजली अपार्टमेंट,
मध्ये मोरी, मोरीवर दगड,
दगडावर भुरताबाई गोधडी आपटत होती.
मुख्तारचा पाय घसरला, तो हात टेकून उठला
आणि तसाच थांबला. दगडाच्या खालच्या अंगाला
त्याच्या बोटांना एक घोडा लागला होता.

चौघांनी मिळून उलटा केला.
खाली लढाई, मधे दोन अप्सरा एका माणसाला उचलून नेताना,
वर चंद्र आणि सूर्य.
नाक शाबूत. घोड्याचा लगामसुद्धा शाबूत.
उन्हात ठेवलेल्या सगळ्या वीरगळांची तोंडं
मी पाहिली आहेत, चाटलेल्या बत्ताशासारखी.
हा मात्र काल घडवल्यासारखा.

'मन्ही सासूनी पालथा टाकेल व्हता,' भुरताबाई म्हणाली.
'देवना तोंडवर साबू नको, म्हने.'
चाळीस वर्षं ती त्याच्या पाठीवर
घरभराचे कपडे धूत होती,
आणि तो चिखलात तोंड खुपसून
लढत होता.

मी फोटो काढले. पट्टी ठेवून, पट्टी न ठेवून.
म्हणालो, मावशी, हा आता संग्रहालयात जाईल,
तुमचं नाव पाटीवर येईल.
तिने नावाबद्दल काही विचारलं नाही.
गोधडीचं पाणी पिळत एवढंच म्हणाली,
'मंग आते मी धुनं कोठे धवू?'

फॉर्ममध्ये याला जागा नव्हती.
रकाना आठ : सद्यस्थिती. उत्तम, मी लिहिलं.
रकाना नऊ : संरक्षण करणारी संस्था.
तिथे मी बराच वेळ पेन टेकवून बसलो,
शाईचा ठिपका वाढत गेला.
मुख्तारने डबा उघडला, कळण्याची भाकरी, ठेचा.
भुरताबाईने आम्हाला कांदा फोडून दिला,
त्याच दगडाच्या कडेवर, मुठीने.

दगड अजून तिथेच आहे.
न्यायला गाडी येणार आहे, मंजुरी यायची आहे.
निघताना तिने आम्हाला हाक मारली :
उघडा टाकू नका, पोरं गोट्या खेळतात.
आम्ही चौघांनी तो पुन्हा पालथा केला,
हळू, जसं झोपलेल्याला
कूस बदलायला लावतात तसं.

रकाना नऊमध्ये मी लिहिलं :
भुरताबाई, आणि तिची सासू, नाव माहीत नाही.

लाल शाई अजून आलेली नाही.