पूर्वेचा कोपरा

सगळे पंख्याकडं बघतात,
मी पंख्याच्या वर.
तिथं पांढरा रंग, रंगामागं गिलावा,
मग पाऊण इंच काँक्रीट,
आणि मग मी.

दहा एमएमची जाळी, सहा-सहा इंचांवर.
खडूच्या खुणा. सुबराव कातवरे एका टोकाला, मी दुसऱ्या.
वाकून वाकून मध्यावर भेटायचो,
पहिला शब्द तंबाखू.
चौदा वर्षं झाली.
तेव्हा यास्मिन चौथीत होती,
आज तिला कळा येतायत
माझ्याच स्लॅबखाली.

आज्जा लक्ष्मीपुरीत विळ्या-सुऱ्यांना धार लावायचा,
सायकलीचं चाक उलटं करून.
म्हणायचा, शिकलगारानं लोखंड पातळ करावं,
तू ते बांधतोस कसलं?
त्याला सांगता आलं नाही
की गाठीलाही धार असते.
हूक अडकवायचा, दीड वेढा,
मनगटाचा एकच झटका.
कमी पडला तर सैल, जादा झाला तर तार तुटते.
झोपेत मनगट अजून फिरतं.
बायको म्हणते, कुणाची मान पिळताय?

मे महिना होता. हातात ओली पोती,
अकरानंतर लोखंड माणूस ओळखत नाही.
वरून शिरोलीच्या फौंड्र्यांचा धूर दिसायचा
आणि जोतिबाचा डोंगर, रोज तितकाच लांब.
नरवाडे मॅडम टेप घेऊन जाळीवरून चालायच्या,
अंतर मोजायच्या.
गाठी कोण मोजतं?

शेवटच्या दिवशी अंधार पडला.
सकाळी सहाला मिक्सर येणार.
मुकादम म्हणाला, एकाआड एक मारा, चालतंय.
एकाआड एक मारत आलो
आणि पूर्वेच्या कोपऱ्यात तार संपली.

रात्री मी परत गेलो.
बॅटरी तोंडात धरून, उसनी तार घेऊन
कोपरा पुरा केला.
खाली वॉचमनचं कुत्रं भुंकत होतं.

किंवा गेलो नाही.
गेलो, असं स्वतःला इतक्यांदा सांगितलंय
की कुत्र्याचा रंगसुद्धा आठवतो.
सुबरावला विचारलं असतं,
पण तो आता हातकणंगल्याला, लेकाकडं,
आणि त्याला माझंच नाव आठवत नाही.

काँक्रीट पडलं की विषय संपतो.
गवंड्याची भिंत दिसते, सुताराचा दरवाजा,
रंगाऱ्याला तर माणसं नावानं विचारतात.
आमचं काम बघायचं
तर इमारत पडावी लागते.

बाप्याला इथं थांबू देत नाहीत,
बायको डबा आणायला गेलीय, तेवढ्यापुरता मी.
यास्मिनची खाट खिडकीकडं,
बरोबर त्या कोपऱ्याखाली.
ओठ चावून पडलीय. माझी दोन बोटं
तिच्या मुठीत पांढरी झालीत.

"सिस्टर, ही खाट जरा
दाराकडं सरकवली तर?"
"का हो काका? इथं चांगला उजेड आहे की."
"वारं लागतंय तिला," मी म्हणतो, "पंख्याचं."
सिस्टर पंख्याकडं बघते.
पंखा बंद आहे.

ती काही बोलत नाही.
पायथ्याची बाजू धरते,
उशाची मी.
लोखंडी खाट. गार. फार जड नाही.