धोटा

रोलाच्या मागच्या गल्लीत पंचेचाळीस दिरहमला मिळाला
सोळा बाय सोळा, दोनशे छप्पन्न दिव्यांचा चौकोन,
दोन तळहात शेजारी ठेवावेत एवढा.
दुकानदार म्हणाला, गॅरंटी नाही.
मी म्हटलं, माझी तरी कुठाय.

दिवसभर मी अल नहदात लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो.
बाण वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली.
रात्री खालच्या बंकवर
मांडीवर जेवणाचा ट्रे, ट्रेमध्ये सोल्डरिंगची तार
आणि अंगठ्याएवढा कंट्रोलर.
वरच्या बंकवर शिहाब, पहाटेच्या शिफ्टचा, पडदा ओढून.

कोंबडा काढायचा होता.
चौकटीच्या वहीत आठ चित्रं:
मान वर, मान अर्धी, चोच दाण्यावर,
दाणा नाही.

पहिल्या रात्री पेटला तो कोंबडा नव्हताच.
अर्ध्या ओळी इकडे बघत होत्या, अर्ध्या तिकडे,
कुणी उसवून उलटासुलटा शिवल्यासारखा.
कोड तपासला, वायर तपासली,
शिहाबची झोप तपासली.

असं तीन रात्री.
चौथ्या रात्री एकेक दिवा पेटवत गेलो:
डावीकडून उजवीकडे सोळा,
मग एक ओळ उतरून
उजवीकडून डावीकडे.
गेला. आला.
गेला. आला.
अरे, हा तर धोटा!

इचलकरंजीत आमच्या चार मागांच्या शेडमध्ये
आप्पा मागांच्या वरताण ओरडून बोलायचे,
अजूनही तसंच बोलतात,
माग भंगारात जाऊन सहा वर्षं झाली तरी.
धोटा रिकामा परतत नाही, म्हणायचे,
येतानाही धागा टाकूनच येतो.

एक सोडून एक ओळ उलटी केली. कोडमध्ये एवढाच बदल.
कोंबडा सरळ झाला, वाकला, टिपला.
उजेड कमीवर, नाहीतर मोबाइलच्या चार्जरचा जीव जातो,
वरून केक भाजायचा कागद.
शिहाबनं पडद्यातून डोकं काढलं:
हा आरवत नाही ना?
आणि बघत राहिला, एक बूट हातात,
खाली बसचा हॉर्न वाजेपर्यंत.

रविवारी आप्पांना दाखवला.
कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकत होते,
नेट अडकलं की कोंबडा मान खाली घालून गोठायचा.
आप्पा फोनच्या इतके जवळ
की मला नुसती त्यांची भुवई दिसत होती.
बराच वेळ भुवईच.
मग शेड दणाणेल अशा आवाजात:
उजव्या पायात एक धागा चुकलाय बघ.

फोन ठेवून वही काढली.
पाचवं चित्र, चौदावी ओळ,
नववा दिवा.