फ्रिजवरचा डॉल्फिन

निघताना आईनं डबा दिला, आणि मामानं
फ्रिजवरचा चुंबक काढून खिशात टाकला.
बातुमीहून आणलेला निळा डॉल्फिन, शेपूट तुटलेला.
त्याच्याखालचं विजेचं बिल जमिनीवर पडलं.
"गाडी बघायला चाललोय," मामा म्हणाला,
जणू त्यात सगळं आलं.

रुस्तावीच्या बाजारात मार्चचं वारं
स्वेटरला जुमानत नव्हतं.
नजर पोचेल तिथवर गाड्या,
काचांवर खडूनं लिहिलेले आकडे,
काही पुसून पुन्हा लिहिलेले.
माझ्याकडे नऊ हजार लारी.
दोन वर्षं औषधाच्या दुकानात रात्रपाळी,
लोकांच्या खोकल्याची, तापाची, न येणाऱ्या झोपेची कमाई
पोटाशी बांधलेली.
मला लाल हवी होती.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

लाल होतीच, पहिल्याच रांगेत.
जुंबेर नावाचा माणूस तिला पुसत होता,
"डॉक्टरीणबाईंची हो, रविवारी चर्चला जाण्यापुरती."
मामानं बॉनेटवर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"एवढ्या सकाळी कुठे जाऊन आली ही?"
जुंबेर नुसता हसला.
थंड इंजिन काय बोलतं
ते त्याला आमच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं.

मग मामानं डॉल्फिन काढला.
पुढच्या दारावर चिकटला. छतावर चिकटला.
मागच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवला
आणि तो घसरून चिखलात पडला.
रंगाखाली लांबी, बोटभर जाड,
आणि लांबीखाली
समुद्रापलीकडच्या कुठल्याशा रस्त्यावरची एक रात्र.
मीटर म्हणत होता सत्याऐंशी हजार.
ब्रेकचं रबर झिजून तुळतुळीत.
"घोड्याचे दात बघावेत," मामा म्हणाला,
"गाडीचं पायाखालचं बघावं."
मी लाल रंगाकडे पाठ केली.
एकदाच वळून पाहिलं.

अकरा गाड्या झाल्या. डबा संपला.
मामा प्रत्येकीच्या खाली आडवा होऊन
उठताना "नाही" म्हणत होता.
बाराव्या गाडीत एक बाई
सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.
लामारा. राखाडी गाडी, जपानहून आलेली,
स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून स्वस्त,
कारण आमच्याकडे रस्ताही उजवीकडूनच चालतो.
काही विचारायच्या आत ती म्हणाली,
"मागचं डावं दार ठोकलेलं आहे.
दिरानं कुंपणात घातली होती.
आणि थंडीत सुरू होताना दोनदा खोकते."

मामाचा हात खिशात होता, तिथेच थांबला.

किल्ली फिरवली. दोनदा खोकली.
असला खोकला मला रोजचा.
त्याला औषध लागत नाही.
मग सुरू झाली, आणि डॅशबोर्डमधून एक बाई
जपानीत काहीतरी म्हणाली, नम्रपणे, एका दमात.
"काय म्हणते?" मी विचारलं.
"चार वर्षं ऐकतेय," लामारा म्हणाली,
"रागावलेली वाटत नाही, एवढंच."

नऊ हजार तीनशेवरून नऊ हजार.
पैसे दोनदा मोजून तिनं एक शंभराची नोट
माझ्या हातात परत ठेवली.
"टाकी कोरडी आहे."

येताना तिबिलिसीच्या अलीकडे
पुढे टोमॅटोचा ट्रक, धूर सोडत, रडतखडत.
मी उजवीकडे बसलेली,
मला ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसेना.
डावीकडे मामा, मान बाहेर काढून.
"थांब." "थांब." "अगं, थांब म्हटलं ना."
दिवसभर ज्यानं कशावरच विश्वास ठेवला नव्हता
तो समोरचा मोकळा रस्ता बघून म्हणाला,
"जा."
आणि मी गेले, न बघता.

आता रात्रपाळीहून एकटीच येते.
ट्रक दिसला की मागेच राहते, घाई नसते.
ती जपानी बाई बोलते, मी हो म्हणते.
डॉल्फिन मामानं परत मागितला नाही,
माझ्या बाजूच्या दारावर असतो.
गाडी धुताना कधीतरी उगाच
मागच्या डाव्या दारावर ठेवून बघते.
पडतो.
बरं वाटतं.