एर्मिन्युची वखार

दुआर्त डोळ्यांनी निवडतो.
फोन उंच धरून कपाटांच्या बोळातून चालतो,
म्हणतो, आई, ही चिनी मातीची मूठ बघ,
निळी नक्षी, एक चरा नाही.
लिओनिल्द मुठीवर हात ठेवते.
मूठ फिरत नाही.
म्हणजे मूठ फिरते, तिचं मनगट फिरत नाही;
चाळीस वर्षं कोटांना अस्तर लावून
ते आता एका ठरावीक कोनात थांबतं
आणि पुढं जायला नकार देतं.

एर्मिन्यु काही बोलत नाही.
स्टुलावरून उठतो, गुडघे वाजवत,
खोक्यात कोपरापर्यंत हात घालतो
आणि एक पितळी दांडी काढतो,
पळीच्या देठासारखी वाकडी,
एकाच बाजूनं झिजलेली.
कुणीतरी डावखुरं होतं त्या घरात.
"ही कोपरानंही उघडते," म्हणतो,
"दोन्ही हातांत सूप असलं तरी."
दुआर्तला ती फोटोत जाड दिसते.

मग कपाट.
चेस्टनटचं, डोंगरातून आलेलं, दोन दारांचं,
आत चादरींच्या फळ्या, खाली एक खण,
आणि कुणीतरी ठेवून विसरलेल्या
बिहीच्या फळांचा वास.
एर्मिन्यु खण बाहेर ओढून पालथा घालतो.
समोरून सगळेच देखणे, म्हणतो, पाठ बघायची.
पाठीवर रंधा अर्धाच फिरलेला.
सांध्याचे दाते हातानं कापलेले,
एकाची दुसऱ्याशी सोयरीक नाही.
किडीची भोकं आहेत, हो, आहेत.
तो खाली काळं फडकं अंथरतो, लाकूड थोपटतो,
वाट बघतो.
पांढरी भुकटी पडत नाही.
"भाडेकरू गेले. जागा रिकामी आहे."

दार तेवढं आपसूक उघडतं,
जांभई आल्यासारखं.
दोब्रादीसा बदलावी लागेल, दुआर्त म्हणतो.
"बिझाग्रा ठणठणीत आहे," म्हातारा म्हणतो,
"जमीन तिरकी आहे,"
आणि हरलेल्या लॉटरीच्या तिकिटाची घडी
डाव्या पायाखाली सरकवतो.
दार मिटून राहतं.

मी मागं, कुलुपांच्या पेटाऱ्यापाशी बसलेली.
बिझाग्रा.
बिजागरी.
माझे हात गंजात थांबतात.

लिओनिल्द विचारते, किल्ली?
ती शाव म्हणते, पोर्तोत असंच म्हणतात.
एर्मिन्युच्या तोंडात मात्र सरळ च आहे, चाव,
त्याच्या डोंगरातले म्हातारे अजून तसंच म्हणतात,
आणि दुआर्त गालात हसतो,
गावंढळ मुठीला हसावं तसा.
मला हसता येत नाही.
हाच च केव्हातरी
आमच्या बंदरावर उतरला असणार,
लिलावाच्या मागून, बादलीच्या कडीला धरून,
आणि आमच्या बायांनी तो कमरेला खोचला,
पार गुळगुळीत झाला तरी बदलला नाही.
इथं शहरात त्याला पॉलिश केलं.

शंभरेक किल्ल्यांचा जुडगा येतो.
तिसरी आत शिरते, फिरत नाही.
नववी फिरते, निघत नाही.
लिओनिल्द हसत सुटते, डोळे पुसते,
म्हणते, राहू दे, माझ्याकडं चोरण्यासारखं
चादरींशिवाय काय आहे?
दांडी घेते. कपाट घेते.
मुलाचा चेहरा बघून ती निळी मूठही घेते,
खणाला लाव म्हणते,
ओढायला चालेल, फिरवायला नाही.

ते टेम्पोत कपाट चढवतात, आडवं,
गोधडीत गुंडाळून.
लॉटरीचं तिकीट जमिनीवर राहतं.

मी माझं कुलूप पुढं करते.
लोखंडी, मुठीएवढं, दोन युरो.
एर्मिन्यु ते उजेडाकडं धरतो, मान हलवतो,
मला समजावं म्हणून हळू, मोठ्यानं सांगतो:
याला चाव नाही.
मी म्हणते, आहे.

त्याला वाटतं, मला भाषा कळलेली नाही.