किल्ली

ट्युबाची झडप अडकली
म्हणून बँडमास्तरांनी मला व्हीलचेअरवर नेमलं.
"मिस व्हर्डेलना ने," म्हणाले, "आणि बडबड नको."

मार्चमधला रविवार. टॅलोवा गावातून
कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत जेमतेम दीड मैल.
बँकेनं पाण्याच्या बाटल्या वाटल्यात, वर बँकेचंच नाव.
पुढे महापौर, मग पाद्री, मग बॅनर,
मग आमची पोरं, ताल चुकवत.
सगळ्यांच्या मागे आम्ही दोघं,
त्र्याऐंशी आणि सोळा,
उजव्या चाकाची कुरकुर ऐकत.

"तेव्हा मी बावीसची होते," ती आपणहून म्हणाली.
"तिसरीच्या पोरांचं अक्षर घडवायची.
कारकून म्हणाला, राज्यघटनेतलं कलम लिहून दाखव.
लिहिलं.
त्यानं कागद खिडकीशी नेला, उजेडात धरला.
म्हणाला, टीची आडवी रेघ तिरकी आहे.
अरे, माझं मत होतंच.
कोर्टाबद्दल होतं, त्याच्या टायबद्दलसुद्धा होतं.
द्यायला कुणी देत नव्हतं, एवढंच."

कोपऱ्यावर पेट्रोल पंप आला.
तिनं हात वर केला, शाळेत करतात तसा.
"थांब. मला जायचंय."
कोर्टात आहे ना, मी म्हटलं, पाचच मिनिटं.
"इथेच."

काउंटरवरच्या मुलानं किल्ली दिली,
हरवू नये म्हणून लाकडी डावाला बांधलेली.
तिनं तो डाव उलटसुलट करून पाहिला.
"तेव्हाही असाच काहीतरी बांधलेला असायचा.
भिंतीवर, आमच्यासमोर लटकायचा.
आम्ही मागच्या गवतात जायचो.
चार बायका कोट पसरून पाठ करून उभ्या राहायच्या.
लुएला हॅरेल तर थंडीत
कोट काढायची आणि दात वाजत हसायची."

दार लागलं.

मिरवणूक थांबली. ढोल आधी,
मग शिंगं, एकेक करून, गोंधळून.
महापौरांनी घड्याळ पाहिलं.
बातमीदार बाईनं कॅमेरा खाली केला,
कारण बंद दाराचा फोटो काय काढणार.
अकरा मिनिटं. मी मोजली.
पंपावरचा मुलगा बाहेर येऊन
फडक्यानं उगाच हात पुसत राहिला.

ती आली. ओले हात हवेत धरून.
"साबण संपलाय, सांग त्याला."

कोर्टासमोर भाषणं झाली.
त्यागाबद्दल, पुलांबद्दल, पुन्हा त्यागाबद्दल.
आमच्या गावचं मतदान केंद्र
गेल्या वर्षी बंद केलं, ते कुणी बोललं नाही.
आता सव्वीस मैलांवर जायचं,
आणि तिकडे बस जात नाही.

तेवढ्यात मला तो डाव दिसला,
तिच्या पर्समधून दांडा बाहेर काढून
तोही भाषण ऐकत होता.
मिस व्हर्डेल, किल्ली! परत देऊन येऊ?

"नोव्हेंबरात देऊ," ती म्हणाली.
"जाताना वाटेत लागतोच तो पंप.
तुला गाडी येते का?"
मेमध्ये परीक्षा आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
तिसरीतल्या पोराकडे पाहावं तसं.
"पास हो."