मेंढीचे कान

टेबलावर नकाशा. त्याच्या चार कोपऱ्यांवर
चहाचे दोन पेले, जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी
आणि तिलेकचं कोपर.
नकाशा लष्करी, सोव्हिएत काळातला, घडीवर फाटलेला,
नेमका दरी अरुंद होते तिथंच.
"इथं काय आहे?" नुरिला विचारते.
"घडी," तिलेक म्हणतो.

कयाक तीन. एक उसनी आणलेली,
बुडाला दोनदा डागलेलं प्लास्टिकचं ठिगळ.
दोर वीस मीटरचा हवा, आहे अठराचा.
नुरिला वहीत लिहिते: दोर, १८.
खाली रेघ मारत नाही.

पाण्यात उतरायची जागा पाच मिनिटांत ठरली.
बाहेर पडायच्या जागा शोधता शोधता
समोवार दोनदा गार झाला.
डाव्या काठाला झुलता पूल.
मग उजवीकडे गवताचा एक तुकडा,
घोडे पाणी प्यायला उतरतात,
म्हणजे माणूसही चढू शकेल.
त्यापुढं चार किलोमीटर काही नाही,
नुसत्या समोच्चरेषा,
थंडीत एकमेकींना चिकटलेल्या.

कोकोमेरेन उशिरा उठणारी नदी.
वर बर्फ वितळतं दुपारी,
ते पाणी इथं पोचतं रात्रीच्या जेवणाला.
म्हणून निघायचं पहाटे,
कालचं पाणी ओसरलेलं
आणि आजचं अजून वर गोठून पडलेलं असताना.
हे माझ्या वडिलांचं गणित.
त्यांनी जन्मभर ओंडके सोडले या धारेत,
स्वतः कधी घोट्याच्या वर भिजले नाहीत.

शेवटी फोन, किझिल-ओईला, सायराकानला.
तिच्याकडे पाणी मोजायचं यंत्र नाही,
मेंढी आहे:
पात्राच्या मधोमध बसलेला पांढरा खडक.
पाठ कोरडी असेल तर या.
नुसते कान दिसले तर चहाला या.

पलीकडे कुत्रं भुंकतं, दार करकरतं.
ती बोलत नाही, फोन हातात धरून
नुसती चालत राहते उतारावरून,
आणि आमच्या स्वयंपाकघरात
नदी हळूहळू मोठी होते.

"एक कान दिसतोय," ती ओरडते.
"दुसऱ्यावर पक्षी बसलाय का फेस आहे,
माझ्या डोळ्यांना कळेना."

तिलेक कोपर उचलतो.
नकाशा आपल्याच घडीत मिटतो.
नुरिला वही ओढून घेते
आणि अठराच्या खाली
आता रेघ मारते, दोनदा.

मी विचारते,
"चहाला किती वाजता येऊ?"