अस्तर

तार्तूत जानेवारीत नऊला उजाडतं.
मी त्याआधीच येते. बर्फ झटकते,
कोट खुंटीला अडकवते
आणि इन्क्युबेटरचं दार उघडते.
आत सदतीस अंश. एवढी ऊब
आज गावात दुसरीकडे कुठेच नसेल.

थाळीवर माझ्याच अक्षरात: त्रेचाळीस, ब.
बाई कोण, ठाऊक नाही.
तिच्या गर्भाशयाच्या अस्तराचा एक कण,
मोहरीपेक्षा जरासा मोठा.
गेल्या सोमवारी पेशी लांबट होत्या, टोकांना निमुळत्या,
ओढ्यातले मासे जसे
सगळे एकाच दिशेला तोंड करून थांबतात.
मी संप्रेरकाचे थेंब सोडले. माझं काम तेवढंच.

आज नववा दिवस.
अंगानं भरल्यात. गोलावल्यात.
पोटात साखर बांधून
एकमेकींना खेटून बसल्यात,
कुणी यायचंय म्हणून.

उंदरीचं बरं असतं,
गर्भ येऊन टेकला की मग तिची धावपळ.
बाईच्या आत मात्र
आमंत्रण नाही, निरोप नाही,
तरी दर महिन्याला अंथरूण घालून तयार.
चार दिवस दार किलकिलं.
आलेल्याला पारखूनही घेतात म्हणे,
सगळ्यांनाच थारा देत नाहीत.
आणि कुणी आलंच नाही, तर
स्वतःच सगळं गुंडाळून निघून जातात.

पिरेत, नवी विद्यार्थिनी, विचारते,
"थाळीत कुणी येणारच नाही,
हे कळतं का यांना?"
मी म्हटलं, पिपेट सरळ धर.

माझं सगळं थांबून सहा वर्षं झाली.
चारेकशे वेळा आवराआवर केली असेल आतल्यांनी.
दोनदा कुणी आलं.
एक तार्मो, हेलसिंकीत वेल्डिंग करतो,
रविवारी फोन करतो, कधी विसरतो.
दुसरं
अकरा आठवडे होतं.

संध्याकाळी थाळ्या ब्लीचमध्ये बुडवल्या.
नियमच आहे तसा.
पुलाखाली एमायोगी गोठलेली.
आईनदी, असा तिच्या नावाचा अर्थ;
इथे कुणी त्याचा विचार करत नाही.

थांब्यावर खिशात हात घातला तर खिसा फाटका.
कोटाच्या खालच्या कडेशी, अस्तराच्या आत
बोटांना काहीतरी लागलं.
बारीक. गोल.
नाणं असेल. कधी उतरलं तिथवर, देव जाणे.
बराच वेळ कापडावरूनच चाचपत राहिले.
आज अंगठ्याखाली ऊबदार लागत होतं.

बस आली.
शिवण उसवली नाही मी. कार्ड दाखवून चढले.